हाय चेअर आणि बूस्टर सीट (खानदेशातील वापर व सुरक्षितता)

हाय चेअर म्हणजे आधाराशिवाय बसू लागलेल्या बाळाला मोठ्यांच्या टेबलाच्या उंचीवर बसून खाता यावे यासाठीची खुर्ची. तिला पुढे ट्रे असतो आणि कमरेला पट्टा. बूस्टर सीटचे काम तेच, पण तिला स्वतःचे पाय नसतात. ती घरातल्या साध्या खुर्चीवर ठेवतात आणि एक पट्टा पाठीमागून, एक बैठकीखालून घेऊन आवळतात. दुकानात दोन्हींना सरसकट 'बेबी चेअर' म्हणतात. घोळ पुढे होतो, कारण मोटारीत सीटबेल्ट मुलाच्या गळ्याऐवजी खांद्यावरून जावा म्हणून जे आसन वापरतात त्याचेही नाव बूस्टरच आहे. जेवणाचा बूस्टर गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून त्यात मूल बसवणारे लोक आहेत. तो प्लॅस्टिकचा साचा अपघाताचा धक्का सोसण्यासाठी बनवलेलाच नसतो, त्यामुळे गाडीत त्याचा काडीचा उपयोग नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे मिळून होणाऱ्या खानदेशात लहान मुलाला जेवू घालण्याची मूळ जागा जमीन. आई किंवा आजी पाटावर मांडी घालून बसते, पोर तिच्या मांडीत, ताट समोर. 'पोऱ्याले मांडीवर बठाड' एवढे म्हटले की व्यवस्था झाली. उष्टावणाला बाळ मामाच्या मांडीवर असते आणि खिरीचा पहिला घास तिथेच मिळतो. मूल बसू लागले की भोवती लोड-उशांचा कोट करायचा, चालू लागले की पांगुळगाडा द्यायचा. सातपुड्यातल्या पाड्यांवर आणि शेतात आजही झोळी चालते. या रीतींचे गोडवे गाण्याचे कारण नाही, झोळीचेही धोके आहेत. पण एक गोष्ट खरी की मांडीतले मूल निसटले तरी वीतभर खाली येते. हाय चेअरने घरात नवी आणली ती उंची. मुलाचे डोके टाइल्सपासून किंवा शहाबादी फरशीपासून जवळजवळ एक मीटर वर जाते, आणि त्या उंचीची भरपाई म्हणून कारखान्याने जो पट्टा दिला आहे, तो वापरायची सवय मात्र खुर्चीसोबत घरात आली नाही.

अपघात बहुतेक पडण्याचेच असतात. अमेरिकेत २००३ ते २०१० या काळातल्या नोंदींचा अभ्यास झाला. त्यात हाय चेअरशी संबंधित दुखापती होऊन तीन वर्षे व त्याखालची सरासरी ९,४०० च्या आसपास मुले दरवर्षी तातडीच्या विभागात आल्याचे दिसले. त्यांतली ९३ टक्के पडण्याची प्रकरणे होती. पडण्यापूर्वी मूल काय करत होते याची नोंद जिथे होती, तिथे बहुतेकदा ते खुर्चीत उभे राहत होते किंवा चढत होते. डोक्याची दुखापत सर्वांत जास्त. यामागे शरीराची ठेवण आहे: या वयात डोके अंगाच्या मानाने जड असते, त्यामुळे मूल पाय आधी टेकवून पडत नाही, डोक्यावर पडते.

पडण्याच्या तऱ्हा मोजक्या आहेत. मूल उभे राहून बाजूला वाकते. किंवा खाली घसरत ट्रेच्या खालून निघते. यात मान ट्रे आणि बैठक यांच्या फटीत अडकली तर श्वास बंद होऊ शकतो, आणि हे पडण्यापेक्षाही वाईट. तिसरी तऱ्हा घरोघरी पाहायला मिळते. खुर्ची टेबलाला किंवा ओट्याला लावून ठेवलेली असते, पोर दोन्ही तळपाय टेबलाच्या कडेला लावून जोर देते आणि खुर्चीसकट मागे जाते. म्हणून खुर्ची अशा ठिकाणी ठेवावी की मुलाचे पाय टेबल, भिंत, फ्रिज यांपैकी कशालाही पोचणार नाहीत. ट्रे म्हणजे कडी नव्हे. तो वाटी ठेवायला असतो. मुलाला धरून ठेवायचे काम पट्ट्याचे, आणि चांगल्या खुर्चीला ट्रेपासून वेगळी अशी दोन पायांमधली दांडी किंवा पट्टा असतो. पाच ठिकाणी बांधणारा पट्टा, म्हणजे दोन खांदे, दोन बाजू आणि एक पायांमधला, हा सर्वांत भरवशाचा. तीन ठिकाणी बांधणारा पट्टा मुलाला घसरू देत नाही, पण उभे राहण्याची खटपट करायला वाव ठेवतो.

प्रत्यक्षात काय होते ते एखाद्या वर्षभर वापरलेल्या खुर्चीपाशी बसून पाहावे. खांद्याचे पट्टे मागच्या बाजूला गाठ मारून टाकलेले, कारण 'त्याला गुदमरतं'. पायांमधला पट्टा ट्रेखाली दुमडलेला. बक्कलच्या खाचेत वरणभात वाळून दगड झालेला, त्यामुळे जीभ आत जाते पण 'टक' असा आवाज येत नाही. आवाज आला नाही म्हणजे बक्कल लागले नाही, ओढले की सुटते. असे बक्कल कोमट पाण्यात भिजवून जुन्या दातघासणीने कोरावे लागते. ते एका हाताने उघडता येणेही तितकेच गरजेचे आहे, कारण मुलाला ठसका लागला तर दुसऱ्या हाताला सवड नसते. पट्टा आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटे सरकतील इतकाच सैल हवा. मुलाच्या गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत खुर्चीत बसवण्यापूर्वी काढलेला बरा. तो ट्रेच्या कोपऱ्यात अडकतो.

बूस्टरचे दुखणे वेगळे. तो लाकडी, चार पायांच्या, पाठ असलेल्या जड खुर्चीसाठी असतो. आपल्याकडे ओसरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत जी चालते ती प्लॅस्टिकची, एकात एक रचून ठेवायची हलकी खुर्ची. तिची पाठ गोलसर असते म्हणून पट्टा वर सरकतो, बैठक गुळगुळीत असते म्हणून बूस्टर पुढे घसरतो, आणि मुलाने मागे रेलून जोर दिला की मागचे पाय फाकतात. उशी किंवा घडी केलेली गोधडी घालून उंची वाढवणे तर बूस्टर नसल्याहून वाईट. घरात दणकट खुर्ची नसेल तर बूस्टर सरळ जमिनीवर ठेवून त्यात मुलाला जेवू घालावे. बऱ्याच बूस्टरांना तळाशी रबरी पाय असतात, त्यामुळे तो तसाही छान बसतो, आणि आजी पाटावर बसून समोरासमोर भरवू शकते. या नोंदकर्त्याच्या मते खानदेशी घराला हीच जोड सर्वांत सोयीची आहे, मग ती कॅटलॉगातल्या फोटोसारखी दिसो न दिसो.

एकत्र कुटुंबात आणखी एक गंमत असते. घरात सहा मोठी माणसे, म्हणजे मुलावर बारा डोळे, असे वाटते. प्रत्यक्षात काकूला वाटते पट्टा आईने लावला, आईला वाटते आजी तिथे आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात तेव्हा हे फारच होते: ओळखीची खुर्ची सासरी राहिलेली, इथे भाच्याची जुनी माळ्यावरून काढलेली, दारात झोका चालू आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे. जो मुलाला बसवतो त्यानेच बक्कल लावायचे आणि उतरवेपर्यंत हाताच्या अंतरावर राहायचे, एवढा एकच नियम घरात ठरला तरी पुष्कळ.

खानदेशच्या उन्हाळ्याचाही या विषयाशी संबंध आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गच्चीवर धुऊन वाळत घातलेल्या खुर्चीची धातूची पट्टी आणि रेक्झिनची बैठक मांडीला चटका देते. उन्हात राहून प्लॅस्टिक ठिसूळ होते, आणि पायाच्या सांध्याजवळची बारीक चीर आधी दिसत नाही. वाऱ्यासाठी खुर्ची कूलरसमोर ढकलली जाते. जमिनीवर असताना ज्या पंख्याच्या जाळीपर्यंत हात पोचत नव्हता, तिथे तो आता आरामात पोचतो. पत्र्याच्या कूलरमध्ये विजेचा प्रवाह उतरण्याचा धोका असतो, आणि ओल्या हातांचे मूल त्याच्या शेजारी नको. गॅसचा ओटा, गरम वरणाचे पातेले आणि टेबलक्लॉथचे लोंबते टोक यांनाही हेच लागू.

नीट बसणे हा घशाच्याही सुरक्षिततेचा भाग आहे. पूरक आहार सहा महिन्यांनी सुरू होतो. तोवर मान सावरता आणि थोड्या आधाराने बसता आले पाहिजे. रेललेल्या स्थितीत घास घशात आपोआप घरंगळतो, म्हणून पाठ ताठ हवी आणि पाय लोंबकळते न ठेवता टेकलेले. १९७२ साली नॉर्वेत पीटर ओप्सविक यांनी रचलेल्या 'ट्रिप ट्रॅप' खुर्चीत पाय ठेवायची फळी मुलाच्या वाढीबरोबर खालीवर करता येते, ती याच विचाराने. साध्या खुर्चीला अशी फळी नसेल तर सुताराकडून बसवून घेण्यापूर्वी तोल बिघडत नाही ना हे पाहावे.

तुपातली नागलीची पेज, मुगाची मऊ खिचडी, वरणात पूर्ण चुरलेली बट्टी, कुस्करलेले केळे हे सारे चालते. भुईमुगाच्या या मुलखात खरा वैरी शेंगदाणा. तो गोल, गुळगुळीत आणि श्वासनळीत नेमका बसेल इतका असतो. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊ नये. कूट करून द्यावा. फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, बिया असलेली बोरे, अख्खी द्राक्षे यांचेही तेच. ठसका लागून मूल खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल तर पट्टा सोडून बाहेर काढावे. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून दोन्ही खवाट्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा, मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच दाब, असे आलटून पालटून करावे. वर्षावरच्या मुलाला पाठीवर थापा आणि मग बेंबीच्या वर पोटावर आत-वर झटके. दिसत नसलेला घास शोधायला तोंडात बोट घालू नये, तो आणखी आत जातो. १०८ ला फोन दुसऱ्या कोणी लावावा.

खुर्चीतून पडल्यावर मूल लगेच रडले आणि खेळू लागले तर सहसा काळजी नसते. मात्र वारंवार उलटी, गुंगी, झटके, शुद्ध हरपणे, नाकाकानातून पाणी किंवा रक्त यांपैकी काहीही दिसले की हळदीचा लेप करत बसू नये, दवाखाना गाठावा.

सुरत–नागपूर आणि मुंबई–आग्रा महामार्गांवरच्या हॉटेलांत लाकडी हाय चेअर आता दिसतात. त्यांचे पट्टे बहुधा तुटलेले असतात. पट्टा नसेल तर मांडी बरी. वाहनाचा कायदा वेगळा आहे. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणेनुसार चौदा वर्षांखालचे मूल सीटबेल्ट किंवा बालआसनाशिवाय बसवल्यास १,००० रुपये दंड आहे. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. धुळ्या-नंदुरबारच्या रस्त्यांवर मात्र पोर अजून टाकीवरच बसलेले दिसते.

खुर्ची किती दिवस वापरायची हे वयापेक्षा वजनावर ठरते. अनेक घडीच्या खुर्च्यांवर १५ किलोची मर्यादा लिहिलेली असते, आणि मूल स्वतः चढू-उतरू लागले की तिचे दिवस भरले. मग ती चुलत भावंडाकडे जाते. देताना घडीची कुलपे पूर्ण लागतात का, चारही पाय टेकतात का, पट्टे आणि बक्कल शाबूत आहेत का हे पाहून घ्यावे. बहुतेकदा बक्कल गायब असते आणि पट्ट्याच्या जागी साडीचा काठ बांधलेला असतो.