एपी सायकॉलॉजी परीक्षेतील उत्तरतंत्र

एपी सायकॉलॉजी परीक्षेतील उत्तरतंत्र : अमेरिकेतील हायस्कूलचे विद्यार्थी दरवर्षी मे महिन्यात मानसशास्त्राची जी प्रमाणित परीक्षा देतात, तिच्यात प्रश्न वाचणे, वेळ वाटून घेणे, पर्याय गाळणे आणि लेखी उत्तर बांधणे यासाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धती. परीक्षा घेते ती कॉलेज बोर्ड ही ना-नफा संस्था. तिच्या ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ (एपी) योजनेत शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकता येतो. १९५० च्या दशकात सुरू झालेल्या या योजनेत मानसशास्त्र १९९२ मध्ये आले आणि आज तो सर्वाधिक विद्यार्थी बसणाऱ्या एपी विषयांपैकी एक आहे. निकाल १ ते ५ या श्रेणीत लागतो. ३ म्हणजे पात्र. मात्र कोणत्या श्रेणीला क्रेडिट (त्या विषयाचा कॉलेजचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याची मान्यता) द्यायचे हे ज्या त्या कॉलेजच्या हाती असते.

परीक्षेचे तंत्र हा विषय सहसा शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत सापडतो. इथे मात्र थोडी गंमत आहे. स्मरण, विस्मरण, ताण, निर्णय घेताना होणाऱ्या चुका हे सगळे याच परीक्षेच्या अभ्यासक्रमात आहे. म्हणजे पेपर कसा सोडवावा याचे बरेचसे उत्तर पेपरातल्याच विषयात मिळते, आणि विद्यार्थी ते व्याख्या म्हणून पाठ करतात पण स्वतःवर लावून पाहत नाहीत.

परीक्षेची घडण

मे २०२५ पासून परीक्षेचा साचा बदलला. पूर्वी १०० बहुपर्यायी प्रश्नांना ७० मिनिटे मिळत, म्हणजे एका प्रश्नाला ४२ सेकंद. पर्याय पाच असत आणि पुढे ५० मिनिटांत दोन लेखी प्रश्न. आता बहुपर्यायी प्रश्न ७५, पर्याय चार आणि वेळ ९० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद. लेखी प्रश्न दोनच राहिले, पण त्यांना ७० मिनिटे मिळतात. गुणांची विभागणी पूर्वीसारखीच : दोन तृतीयांश बहुपर्यायी, एक तृतीयांश लेखी. नऊ घटकांचे पाच झाले : वर्तनाचा जैविक पाया, बोधन (विचार, स्मरण यांसारख्या प्रक्रिया), विकास आणि अध्ययन, सामाजिक मानसशास्त्र व व्यक्तिमत्त्व, मानसिक व शारीरिक आरोग्य. पाचही घटकांना साधारण सारखेच वजन असल्याने एखादा घटक ‘ऑप्शनला टाकणे’ परवडत नाही. पेपर पूर्णपणे संगणकावर, ब्लूबुक नावाच्या अॅपमध्ये होतो.

वेळ वाढला याचा अर्थ पेपर सोपा झाला असा नाही. जुन्या पेपरात संज्ञा ओळखली की काम भागे. नव्या पेपरात प्रश्नाच्या आधी चार ओळींचा प्रसंग, एखादा तक्ता किंवा आलेख असतो आणि बहुपर्यायी प्रश्नांतला सुमारे एक चतुर्थांश भाग संशोधनपद्धतीवर येतो. वाढलेल्या तीस सेकंदांतले बरेचसे वाचण्यातच जातात.

बहुपर्यायी विभाग

पहिला नियम साधा : एकही प्रश्न कोरा सोडू नये. हे नेहमीच खरे नव्हते. २०११ च्या आधी चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जाई. पाच पर्यायांत डोळे मिटून ठोकले तर पाचात एकदा एक गुण मिळे आणि चार वेळा पाव-पाव जाई. हिशेब शून्यावर येई. कापाकापी बंद झाल्यावर हिशेबच बदलला. आता चारपैकी एक ठोकला तरी २५ टक्के संधी, आणि दोन पर्याय खात्रीने गाळता आले तर ५० टक्के. जुन्या पिढीच्या पालकांकडून अजूनही ‘येत नसेल तर सोडून दे’ असा सल्ला मिळतो. भारतातल्या नकारात्मक गुणांच्या प्रवेशपरीक्षा देऊन अमेरिकेत गेलेल्या मराठी आईवडिलांच्या तोंडी तो हमखास असतो. या पेपराला तो लागू नाही.

दुसरा नियम असा की पर्याय वाचण्याआधी उत्तर मनात तयार करावे. मानसशास्त्रातले चुकीचे पर्याय निरर्थक नसतात. ते शेजारच्या संकल्पना असतात. रिट्रोअॅक्टिव्ह आणि प्रोअॅक्टिव्ह व्यत्यय (नव्यामुळे जुने न आठवणे आणि जुन्यामुळे नवे न आठवणे), यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) नमुना निवड आणि यादृच्छिक गटविभागणी, शिक्षा आणि ऋण प्रबलन अशा जोड्यांवरच पेपर काढणारे सापळे लावतात.

यातली शेवटची जोडी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. गाडीत बसल्यावर पट्टा लावला नाही तर टुणटुण वाजत राहते. पट्टा लावला की थांबते. पुढच्या वेळी माणूस बसताक्षणी पट्टा लावतो. हे काय? इंग्रजीत शिकणारी बरीच मुले घाईत ‘शिक्षा’ म्हणतात, कारण ‘निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट’ या इंग्रजी नावातल्या ‘निगेटिव्ह’ या शब्दाला वाईटपणाचा वास आहे. मराठी पुस्तकांतला ‘ऋण प्रबलन’ हा शब्द इथे जास्त प्रामाणिक आहे : ऋण म्हणजे वजा. काहीतरी वजा झाले (आवाज) आणि वर्तन वाढले (पट्टा लावणे), म्हणून ते प्रबलनच. प्रश्न दोनच विचारायचे : काही आले की गेले? वर्तन वाढले की घटले? या क्रमाने विचारले तर सापळ्यात पाय अडकत नाही.

नमुना आणि गट यांतला गोंधळही असाच. लोकसंख्येतून माणसे कशी उचलली यावर निष्कर्ष किती जणांना लागू होईल हे ठरते. उचललेली माणसे गटांत कशी वाटली यावर कार्यकारणभाव सांगता येईल का हे ठरते. एक प्रश्न बाहेरचा, एक आतला.

‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असे टोकाचे शब्द असलेले पर्याय गाळावेत, सर्वांत लांबलचक पर्याय बरोबर असतो, सलग तीनदा ‘ब’ आला तर चौथ्यांदा येणार नाही, अशा युक्त्याही प्रचारात आहेत. विषयाच्या ज्ञानाशी संबंध नसलेल्या या चतुराईचे पद्धतशीर विश्लेषण मिलमन, बिशप आणि एबल यांनी १९६५ मध्ये केले. तिला परीक्षा-चातुर्य म्हणता येईल. घाईघाईत काढलेल्या वर्गपरीक्षेत ती चालून जाते. पूर्वचाचणी करून काढलेल्या प्रमाणित पेपरात तिच्यावर विसंबणे म्हणजे वेळ घालवणे. पहिली युक्ती तेवढी थोडीफार उपयोगी, कारण मानवी वर्तनाबद्दल ‘नेहमी’ म्हणावे असे फार थोडे आहे.

पहिले उत्तर बदलावे का?

‘पहिले जे सुचले तेच ठेव, बदललेस की चुकशील.’ हा सल्ला शिक्षक देतात, ताई-दादा देतात, आणि मुले तो मानतात. जस्टिन क्रूगर, डेरिक वर्ट्झ आणि डेल मिलर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तो तपासला, आणि तोही मानसशास्त्राच्याच परीक्षेवर. इलिनॉय विद्यापीठात प्राथमिक मानसशास्त्राचा पेपर दिलेल्या १,५६१ विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खोडरबराच्या खुणा त्यांनी मोजल्या. एकूण ३,२९१ बदल सापडले. त्यांतले ५१ टक्के चुकीकडून बरोबर उत्तराकडे गेलेले होते, २५ टक्के बरोबरकडून चुकीकडे आणि २३ टक्के एका चुकीकडून दुसऱ्या चुकीकडे. म्हणजे बदल करणाऱ्याचा फायदा तोट्याच्या दुप्पट.

मग समजूत इतकी चिवट का? बरोबर लिहिलेले उत्तर खोडून चूक केली तर ‘होतं ते ठेवलं असतं तर’ ही टोचणी लागून राहते, आणि जे टोचते ते लक्षात राहते. न बदलल्यामुळे चुकलेले प्रश्न मात्र कोणी मोजत बसत नाही. ‘असे झाले असते तर’ या विचारपद्धतीचे आणि सहज आठवेल तेच जास्त घडते असे मानण्याचे याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकालाही देता येणार नाही.

याचा अर्थ उठसूट उत्तरे बदलावीत असा नाही. बदलायला कारण हवे : प्रश्नातला ‘वगळता’ हा शब्द नजरेतून सुटला होता, किंवा पुढच्या एखाद्या प्रश्नाने आठवण करून दिली. ब्लूबुकमध्ये प्रश्नावर खूण करून ठेवण्याची, नको ते पर्याय खोडण्याची आणि घड्याळ लपवण्याची सोय आहे. शंकेचे प्रश्न खूण करून पुढे जाणे आणि शेवटच्या दहा मिनिटांत फक्त त्यांच्याकडे परतणे हा या सोयीचा खरा उपयोग. खूण करतानाच तात्पुरता का होईना, एक पर्याय निवडून ठेवावा. परत यायला वेळ मिळेलच असे नसते.

लेखी उत्तरे

लेखी प्रश्न दोन, प्रत्येकी सात गुणांचे. पहिल्यात एका प्रकाशित संशोधनाचा सारांश देतात आणि त्यावर सहा उपप्रश्न विचारतात : संशोधनपद्धत कोणती, अमुक चलाची (अभ्यासात बदलणाऱ्या किंवा मोजल्या जाणाऱ्या गोष्टीची) कार्यात्मक व्याख्या काय, दिलेल्या आकड्याचा अर्थ काय, संशोधकांनी नीतिनियमांपैकी कोणता पाळला, निष्कर्ष कितपत व्यापक धरता येतील, आणि ते एखाद्या संकल्पनेला दुजोरा देतात की तिच्या विरोधात जातात. यासाठी २५ मिनिटे सुचवलेली आहेत, पैकी १० वाचनाची. दुसऱ्यासाठी ४५ मिनिटे, पैकी १५ वाचनाची : एकाच विषयावरच्या तीन संशोधनांचे सारांश वाचून स्वतःचे विधान करायचे आणि ते पुराव्यासह पटवून द्यायचे. लेखी भागाची ७० मिनिटे सलग असतात, त्यामुळे घड्याळ स्वतःच सांभाळावे लागते.

महाराष्ट्रात बारावीला मानसशास्त्र घेतलेल्यांना ‘व्याख्या लिहा’, ‘टीपा लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’ यांची सवय असते. इथे नुसत्या व्याख्येला गुण नाही. समजा सारांशात असे आहे (उदाहरण काल्पनिक) : ४८ विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले, एका गटाने शांत खोलीत, दुसऱ्याने गाणी चालू असताना २० शब्दांची यादी वाचली, दहा मिनिटांनंतर आठवतील ते शब्द लिहायला सांगितले. ‘स्मरण’ या चलाची कार्यात्मक व्याख्या काय? ‘माहिती साठवून पुन्हा आठवण्याची प्रक्रिया’ हे उत्तर पाठ्यपुस्तकात शोभेल, इथे शून्य. ‘दहा मिनिटांनंतर २० पैकी बरोबर लिहिलेल्या शब्दांची संख्या’ हे उत्तर गुण मिळवते, कारण या अभ्यासात स्मरण कशाने मोजले हे त्यातून कळते.

त्याच सारांशावर दुसरी नेहमीची चूक पद्धतीच्या नावात होते. बोलीत आपण कुठल्याही संशोधनाला ‘प्रयोग’ म्हणतो. परीक्षेत मात्र संशोधकाने चल स्वतः बदलला आणि माणसे यादृच्छिकपणे गटांत टाकली तरच प्रयोग. नुसती प्रश्नावली भरून दोन गोष्टींचा संबंध पाहिला तर तो सहसंबंधात्मक अभ्यास, आणि त्यातून ‘यामुळे ते झाले’ असे लिहिले की फसलेच. व्यापकतेच्या प्रश्नालाही ‘नमुना लहान आहे’ एवढे मोघम उत्तर पुरत नाही. सहभागी कोण होते, कोणत्या वयाचे, कुठले, यातला तपशील सारांशातून उचलून दाखवावा लागतो.

दुसऱ्या प्रश्नात विधान एका वाक्यात आणि बाजू घेणारे हवे. ‘याला दोन्ही बाजू आहेत’ असे लिहून सुटता येत नाही. पुरावे दोन, दोन वेगळ्या स्रोतांतून आणि स्रोताचा उल्लेख करून. प्रत्येक पुरावा विधानाशी जोडणारी मानसशास्त्रीय संकल्पनाही वेगळी. एकच संकल्पना दोनदा वापरल्याने गुण जातात, आणि तयारी झालेली मुलेही इथे चुकतात. म्हणून लिहायला बसण्याआधी ‘विधान, स्रोत–संकल्पना, स्रोत–संकल्पना’ अशी तीन खणांची नोंद कच्च्या कागदावर केलेली बरी.

प्रस्तावना, उपसंहार, सुभाषिते यांना काही किंमत नाही. उत्तर वाक्यांत हवे, नुसते मुद्दे चालत नाहीत. स्पेलिंग आणि व्याकरणाचे गुण कापत नाहीत.

पाठांतर आणि आठवण

पाठांतर संपलेले नाही, त्याची जागा बदलली आहे. मेंदूचे भाग आणि चेतापारेषके (चेतापेशींमध्ये संदेश नेणारी रसायने) यांना युक्तीने लक्षात ठेवावेच लागते. हिपोकॅम्पससाठी वर्गावर्गांत एकच विनोद चालतो : कॅम्पसवर हिप्पो दिसला तर तुम्ही तो विसराल का? विनोद बाळबोध आहे, पण स्मृतीशी संबंध असलेला भाग त्यामुळे पक्का बसतो.

पाठ कसे करावे यावर मात्र विषयानेच ठाम पुरावा दिला आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा, न पाहता, आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटले : ४० विरुद्ध ६१. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक पुन्हा वाचणाऱ्याला सगळे येते असे वाटते ते त्या पाच मिनिटांच्या जोरावर. त्यापेक्षा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहून पाहणे, आणि तेही एकदम न करता दिवसांच्या अंतराने, जास्त टिकते. अंतर ठेवून केलेल्या अभ्यासाचा हा फायदा हेर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच, निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, नोंदवला होता.

परीक्षेच्या भीतीबद्दल बोलताना यर्क्स आणि डॉडसन यांचा १९०८ चा नियम सांगण्याची पद्धत आहे : ताण फार कमी असला तरी काम बिघडते, फार जास्त असला तरी बिघडते. नियम अभ्यासक्रमात असल्याने माहीत हवा. पण मूळ प्रयोग उंदरांवर, विजेचे झटके देऊन केला होता, हे तो सांगणारे बहुतेक जण सांगत नाहीत.

लेखी उत्तरे जूनमध्ये शाळा-कॉलेजांतले मानसशास्त्राचे शिक्षक ठरलेल्या गुणदान-पत्रकानुसार तपासतात. प्रत्येक गुण स्वतंत्र असतो, त्यामुळे एक उपप्रश्न चुकला तरी पुढचे सुरक्षित राहतात. निकाल जुलैत लागतो.