ऑफ-रोड ड्रायव्हिंग

ऑफ-रोड ड्रायव्हिंग : बांधीव रस्ता सोडून चिखल, वाळू, खडक, ओढे यांतून मोटार चालविण्याचा छंद. तो बहुधा मित्रांच्या ताफ्याने केला जातो.

उगमाविषयी एकमत नाही. यंत्ररचनेकडे पाहणारे अभ्यासक स्पायकर या डच कंपनीच्या चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या १९०३ च्या मोटारीपासून आरंभ धरतात. ती मुळात शर्यतीची गाडी होती. सित्रोएनची १९२२–२३ मधील सहारा मोहीमही पुढे केली जाते. परंतु त्या गाड्यांना मागील बाजूस चाकांऐवजी केग्रेस पद्धतीचे, रणगाड्यासारखे फिरते पट्टे होते आणि मोहिमेमागे व्यावसायिक हेतू होता. केवळ आनंदासाठी आडवाटेला जाणे या अर्थाने दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. लष्कराच्या शिलकी जीप तेव्हा नागरिकांच्या हाती आल्या. कॅलिफोर्नियातील रुबिकॉन वाटेवरचा ‘जीपर्स जांबोरी’ मेळा १९५३ मध्ये सुरू झाला. सोबतीने जाणे हे या छंदाचे लक्षण मानल्यास ही घटना विशेष महत्त्वाची ठरते.

येथील थरार वेगाचा नव्हे. खडकाळ टप्प्यात गाडी माणसाच्या चालीने सरकते. बॉनेटखालचा खडक चालकाला दिसत नाही; तो समोर उभ्या मित्राच्या हाताच्या खुणा पाहून स्टिअरिंग बोटभर वळवतो, एक चाक हवेत उचलले जाते आणि गाडी एका अंगावर कलते. खुणा करणारा एकच असावा. इतरांनी ओरडून सल्ले दिले, की चालक हमखास गोंधळतो.

वाळूत टायरची हवा साधारण १५ ते २० पीएसआयपर्यंत (पीएसआय : दर चौरस इंचावरील दाब, पौंडांत) उतरवतात. त्यामुळे टायर जमिनीवर पसरतो, तोही रुंदीपेक्षा लांबीत जास्त. मात्र जोरात वळल्यास तो रिममधून निसटू शकतो. चढावर इंजिन बंद पडल्यास गाडी वळवू नये, रिव्हर्स गिअरमध्ये सरळ मागे आणावी. आडवी झाली की ती उलटते. ओढ्यात एअर इनटेकवाटे (इंजिनात हवा घेणाऱ्या नळीवाटे) पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर ते दाबले जात नसल्याने पिस्टनला जोडलेला दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो.

रुतलेली गाडी ओढून काढणे हा सर्वांत धोक्याचा प्रसंग होय, आणि मदतीच्या घाईत नेमका तोच हलक्यात घेतला जातो. ताणला जाणारा दोर टो-बॉलला (ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे असलेल्या गोळ्याला) कधीही अडकवू नये : बॉल तुटल्यास काच फोडून आत येतो आणि अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. दोर फक्त चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) पक्क्या बसविलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच, म्हणजे ओढण्यासाठीच्या कडीलाच लावावा. विंचच्या (गाडीवर बसविलेल्या, तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राच्या) तारेवर जाड ब्लँकेट टाकतात, म्हणजे तुटल्यास तिचा झटका कमी होतो. ओढ चालू असताना बघ्यांनी दोराच्या लांबीहून अधिक अंतरावर, बाजूला उभे राहावे.