'पर्यटन जिल्हा' या शब्दाचा घोळ

बाहेरच्या पैशावर जगायची सवय सिंधुदुर्गाला पर्यटनाने लावली नाही. भात घरापुरता, आंबा-काजू दोन-तीन महिन्यांचा. बाकी घर चालायचं ते मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो आधार खचला.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्यामुळे नंतर जी गर्दी वाढली, ती घोषणेने की रेल्वेने, हा वाद अजून मिटलेला नाही. (माझं मत रेल्वेच्या बाजूने.)

खरा घोळ आहे तो शब्दाचा. बड्या हॉटेलवाल्यांनी 'पर्यटन जिल्हा' म्हणजे किनाऱ्याची जमीन असं वाचलं. शिरोडा-वेळागरच्या किनाऱ्यावर हॉटेलसाठी घेतलेल्या जमिनीचा वाद वर्षानुवर्षं चिघळला. गावकऱ्यांनी वाचलं, घरातल्या दोन खोल्या भाड्याने देता येतील. मच्छीमार आधीच सावध होते, कारण १९८७ मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून सरकारी घोषणा म्हटली की आपल्या पाण्यावर गदा येणार, हे त्यांच्या मनात बसलेलं.

'निवास व न्याहारी'चंही तेच झालं. मूळ कल्पना साधी: मालक त्याच घरात राहणार, सकाळी पाहुण्याला घावणे-चटणी देणार, पैसा घरात राहणार. आज तशीच पाटी अशाही इमारतींवर दिसते, जिथे मालक पुण्यात असतो आणि चावी हाताखालच्या माणसाकडे. गावाच्या वाट्याला विहिरीचा उपसा आणि कचरा. पर्यटनावर किती विसंबायचं हे विचारताना ही दोन घरं एकाच हिशेबात धरली जातात, तिथेच गणित चुकतं.

तारकर्लीच्या वाळूवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला दोर धरून माणसांची लांब रांग लागते, मोकळा किनारा लागतो. आता तिथे खुर्च्या आणि बोटी. कित्येक घरांतली पोरं जाळं सोडून स्कूबाच्या बोटीवर गेली. कमाई बरी, यात शंका नाही. पण २०२० चा मे टाळेबंदीत गेला, २०२१ चा तौक्ते वादळात, आणि सीझनच्या भरवशावर काढलेल्या कर्जाचे हप्ते उरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात चिपीच्या नव्या विमानतळावर विमान उतरलं आणि चर्चा पुन्हा किती पर्यटक येतील यावर गेली.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. पावसाळ्यात पर्यटकांच्या बोटीही बंद. म्हणजे जाळ्याऐवजी बोट घेतली तरी पावसाळ्यातलं भगदाड तसंच राहिलं. पूर्वी ते भाताच्या लावणीने बुजायचं. ज्यांनी शेत विकलं नाही, त्यांचं अजूनही बुजतं.