खासदार अर्धे केले तर पैसे किती वाचतील?

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं, की सिव्हिल लाइन्सच्या टपऱ्यांवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "एवढे आमदार-खासदार कायले पाहिजे? अर्धे करा, पैसा वाचते." बॅरिकेड्स, गाड्यांचे ताफे, मंत्री उतरतात त्या रविभवनाची रंगरंगोटी डोळ्यांसमोर असताना असं वाटणं साहजिकच आहे. पण हा प्रश्न रागाने सोडवण्याचा नाही, मोजून पाहण्याचा आहे. खासदारांपासून सुरुवात करू.

खासदाराचं मूळ वेतन महिन्याला 1 लाख 24 हजार रुपये. लोकसभेच्या 543 जणांचं मिळून वर्षाला साधारण 81 कोटी. भत्ते, विमानप्रवास, बंगला, कर्मचारी असं सगळं धरून खर्च याच्या दहापट आहे असं मानू, म्हणजे 810 कोटी. निम्मे खासदार कमी केले तर वाचतील 405 कोटी. 2025-26 चा केंद्रीय अर्थसंकल्प सुमारे 50 लाख 65 हजार कोटींचा होता. म्हणजे केंद्राच्या दर एक लाख रुपयांच्या खर्चामागे बचत 8 रुपये. खासदार निधीचे वर्षाला 5 कोटी मी यात धरलेले नाहीत, कारण ते खासदाराच्या खिशात जात नाहीत. त्यातून रस्ते, शाळाखोल्या, नळयोजना होतात, आणि खासदार कमी झाले म्हणून त्या कामांची गरज संपत नाही.

इटलीने हा प्रयोग खरोखर केला. सप्टेंबर 2020 मध्ये जनमत घेऊन तिथल्या संसदेची संख्या 945 वरून 600 वर आणली गेली. सुमारे 70 टक्के मतदारांनी होकार दिला. तिथल्या अर्थतज्ज्ञांनी काढलेली निव्वळ बचत होती वर्षाला सुमारे 5 कोटी 70 लाख युरो, म्हणजे सरकारी खर्चाच्या 0.007 टक्के. आपल्या ढोबळ हिशोबाच्या अगदी जवळ.

मग सभागृह किती मोठं असावं, याला काही नियम आहे का? आहे. मूळचे एस्टोनियाचे रेन तागेपेरा हे भौतिकशास्त्रात पीएचडी करून राज्यशास्त्राकडे वळलेले संशोधक. 1972 मध्ये त्यांनी दाखवलं की जगातल्या बहुतेक संसदांची सदस्यसंख्या देशाच्या लोकसंख्येच्या घनमुळाच्या आसपास असते. यामागचं कारण त्यांनी संवादाच्या ओझ्यात शोधलं. प्रतिनिधीला दोन बाजूंनी बोलावं-ऐकावं लागतं, एकीकडे मतदारांशी आणि दुसरीकडे सभागृहातल्या सहकाऱ्यांशी. सदस्य वाढले की प्रत्येकाच्या वाट्याचे मतदार घटतात, पण सभागृहातले आपसातले संबंध झपाट्याने वाढतात. 272 सदस्यांत दोघादोघांच्या जोड्या 36,856 होतात, 543 सदस्यांत त्याच 1,47,153. सदस्य दुप्पट, जोड्या चौपट. ही दोन्ही ओझी मिळून जिथे सर्वांत कमी होतात तो बिंदू गणिताने काढला, की उत्तर घनमुळाजवळ येतं.

आता हेच गणित इटलीला लावा. सुमारे 5.9 कोटी लोकसंख्येचं घनमूळ 390. तिथलं कनिष्ठ सभागृह 630 चं होतं, ते 400 चं झालं. कपात नियमाकडे नेणारीच होती. आपलं काय? 140 कोटींचं घनमूळ सुमारे 1,120, आणि लोकसभा 543 ची. महाराष्ट्राचंही तसंच: 2011 च्या 11.24 कोटी लोकसंख्येला 483 आमदार शोभतील, विधानसभेत आहेत 288. निम्म्यावर असलेलं आणखी निम्मं करायला निघालो आहोत, हे टपरीवरच्या चर्चेत कोणाच्या लक्षातच येत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती नुसती हवेतली नाही. 1981 मध्ये वाइनगास्ट, शेप्सली आणि जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकांनी असं मांडलं, की मतदारसंघ जितके जास्त तितकी उधळपट्टी जास्त. फायदा सगळा माझ्या मतदारसंघाला, खर्च मात्र देशभरात वाटलेला, म्हणून प्रत्येक जण जास्त मागतो. अमेरिकेतल्या राज्यांच्या वरिष्ठ सभागृहांबाबत याला पुष्टीही मिळाली. पण स्वीडन आणि फिनलंडमधल्या स्थानिक परिषदांची गोष्ट उलटी निघाली. तिथे लोकसंख्येने ठराविक टप्पा ओलांडला की कायद्यानेच सदस्य वाढतात. त्यामुळे टप्प्याच्या जरा अलीकडची आणि जरा पलीकडची, बाकी सारखीच गावं ताडून पाहता येतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सदस्य जास्त असलेल्या परिषदांचा खर्च कमी आढळला. नोकरशाहीवर नजर ठेवणारे डोळे वाढतात, हा त्यामागचा तर्क मला पटतो. नागपूरकरांना तो लगेच कळेल. मार्च 2022 मध्ये मनपाच्या 151 नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासक होता. त्या काळात अर्थसंकल्प तयार करणारे आयुक्त आणि त्याला मंजुरी देणारा प्रशासक एकच व्यक्ती होती. मधल्या प्रश्नांची जागाच उरली नव्हती.

दिल्लीत हे प्रश्न विचारण्याचं खरं काम संसदेच्या विभागवार स्थायी समित्या, म्हणजे एकेका खात्याचा कारभार आणि खर्च तपासणाऱ्या खासदारांच्या समित्या, करतात. अशा 24 समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य. म्हणजे लोकसभेतून 504 जण लागतात, आणि मंत्री त्यात बसू शकत नाहीत. आजच माणसं जेमतेम पुरतात. 272 च्या लोकसभेत एकेका खासदाराला दोन-दोन, तीन-तीन समित्या कराव्या लागतील. रेल्वेच्या खर्चाच्या मागण्यांचे कागद वाचायचे की संरक्षणाचे? 23 मार्च 2023 रोजी लोकसभेने सुमारे 45 लाख कोटींच्या खर्चाला चर्चेविना मंजुरी दिली. तेव्हा या समित्यांतली छाननीच काय ती झालेली होती.

आणि मतदारांच्या बाजूने पाहा. मूळ राज्यघटनेत साडेसात लाख लोकांमागे किमान एक खासदार अपेक्षित होता. आज सरासरी 25 लाखांच्या वर गेली आहे. एकट्या नागपूर मतदारसंघात 22 लाखांहून अधिक मतदार आहेत. खासदार अर्धे झाले तर नागपूर आणि रामटेक एक होतील. काटोल-नरखेडचा संत्रा उत्पादक, उमरेडच्या कोळसा खाणीतला कामगार, कामठीचा विणकर आणि गडर लाइन तुंबली म्हणून वैतागलेला महालातला रहिवासी, सगळ्यांना एकच दार.

1,120 खासदार लगेच हवेत असं माझं म्हणणं नाही. नव्या संसद भवनातल्या लोकसभेत आसनंच 888 आहेत, आणि लोकसंख्या आटोक्यात ठेवली म्हणून जागांतला आपला वाटा घटेल ही दक्षिणेची भीती अगदी रास्त आहे. पण 1976 पासून गोठवलेला जागांचा प्रश्न 2027 च्या जनगणनेनंतर पुन्हा उघडणार आहे. तेव्हा प्रति लाख 8 रुपयांचा हिशोब कोणी बचत म्हणून पुढे केला, तर त्याच्यासमोर या 24 समित्यांची यादी ठेवावी आणि त्यातल्या कोणत्या बंद करायच्या ते विचारावं.