कामाची सायकल (कोकण किनारा)

हौस किंवा शर्यतीसाठी नव्हे, तर बाजारहाट, शाळा आणि धंद्यासाठी रोज वापरली जाणारी दणकट सायकल. कोकणात तिचा मुलूख अरुंद आहे: समुद्र आणि डोंगराचा पायथा यांमधली सपाट पट्टी. वसई, अलिबाग–चौल–रेवदंडा, गुहागर, मालवण–तारकर्ली इथले माडा-पोफळींमधून जाणारे रस्ते तिला मानवतात; मोटारीला तिथे धड वळताही येत नाही. जांभ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, गावी मात्र घाटी चढताना सायकल हातात धरावी लागते, आणि पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, पायऱ्या आल्या की खांद्यावर.

दोष डोंगराचा खरा, पण निम्मा गिअरचा. जुन्या काळ्या सायकलीला एकच गिअर. पुढे 44 दात्यांचे चक्र, मागे 18 दात्यांचे फ्रीव्हील आणि 28 इंची चाक असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण साडेपाच मीटर जाते. सपाटीला झकास, चढाला गुडघे बोलू लागतात. मागे 32 दात्यांचे चक्र असेल तर तीन मीटरच जाते, पण पुष्कळसे चढ बसल्या बसल्या निघतात. गिअरच्या सायकली दुकानात मिळतात, मात्र बहुतेकींना ना कॅरिअर, ना मडगार्ड. मग पावसात पाठीवर चिखलाची रेघ आणि मासळीची पिशवी हँडलला. कामाला ती उपयोगाची नाही.

ओझे बांधायला जुन्या ट्यूबची उभी कापलेली पट्टी दोरीपेक्षा सरस. ती ताणून गाठ मारली की नारळाचे पोते खड्ड्यातही हलत नाही. पाववाला तीच वापरतो. त्याचा रबरी भोंगा सिंधुदुर्गात सकाळची वेळ सांगतो.

खारी हवा चेन आणि आरे खाते, म्हणून तेलपाणी इथे वरचेवर लागते. पावसात ओल्या लोखंडी रिमवर ब्रेकचे रबर घसरते. उताराच्या गावात चाकाच्या तुंब्यातला (हबमधला) ड्रम ब्रेक बरा.

खाड्यांनी मात्र सायकलीला साथ दिली आहे. दाभोळ–धोपावे किंवा वेसवी–बागमांडले फेरीबोटीत ती मोटारीच्या शेजारी उभी राहते, आणि पलीकडे दोघी एकदमच उतरतात.

बॅटरीच्या सायकलीला मोटर 250 वॉटपर्यंत आणि वेग ताशी 25 किमीच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. घाटीवर तिचा उपयोग होतो. पाखाडीवर बॅटरीही खांद्यावरच येते.