श्रद्धा प्रामाणिक की प्रथा अत्यावश्यक? अनुच्छेद २५चा मागोवा

धर्माची आज्ञा आणि कायद्याचा आदेश यांची टक्कर झाली की भारतातला वाद राज्यघटनेच्या अनुच्छेद २५पाशी येतो. या अनुच्छेदात हक्काच्याही आधी अट येते: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांना अधीन राहून. त्यानंतर सर्व व्यक्तींना सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म आचरण्याचा हक्क मिळतो. पुढच्याच खंडात समाजसुधारणेचे कायदे करायला राज्याला मोकळीक आहे. याचे कारण डॉ. आंबेडकरांच्या २ डिसेंबर १९४८च्या संविधान सभेतील भाषणात सापडते. आपल्याकडे धर्म जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळे आयुष्य व्यापतो, त्यामुळे त्याची व्याख्या श्रद्धा आणि मूलतः धार्मिक विधी यांच्यापुरती ठेवली नाही तर सुधारणेचा एकही कायदा टिकणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मग मूलतः धार्मिक काय, हे ठरवायचे कोणी? १९५४च्या शिरूर मठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले: त्या त्या धर्माच्या सिद्धांतांवरून. धर्माला झुकते माप देणारी ही ‘अत्यावश्यक प्रथे’ची कसोटी पुढे उलटी फिरली. १९६१च्या अजमेर दर्गा प्रकरणात न्या. गजेंद्रगडकरांनी अंधश्रद्धेतून आलेल्या प्रथांना हे संरक्षण नाही असे म्हटले, आणि निवड करण्याचे काम न्यायाधीशांकडे आले. याचा परिणाम १९८३च्या आनंदमार्ग प्रकरणात दिसतो; आनंदमार्ग या पंथाला मिरवणुकीत तांडवनृत्य करायचे होते. पंथ १९५५चा, तांडवनृत्याचा आदेश १९६६चा. म्हणून ते आवश्यक अंग नाही, असा निकाल लागला. या हिशेबाने कोणत्याही धर्मात नंतर आलेली आज्ञा कायमची बादच होते. शिवाय ग्रंथांत उल्लेख नसेल, पण एखाद्याला मनापासून ते कर्तव्य वाटत असेल, तर त्याने काय करावे? अनुच्छेद २५ हा हक्क ‘व्यक्तींना’ देतो, हेच या कसोटीत हरवते.

म्हणून १९८६चा बिजो इमॅन्युएल खटला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केरळमधली यहोवाचे साक्षीदार पंथाची तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, मात्र आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. जुलै १९८५मध्ये त्यांना शाळेतून काढले. केरळ उच्च न्यायालयाने राष्ट्रगीताचा शब्द न् शब्द तपासला आणि त्यात धार्मिक भावना दुखावणारे काही नाही, असे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाच्या मते प्रश्नच चुकला होता. ती श्रद्धा इतरांना पटते का, हे पाहायचे नाही; ती खरी आणि प्रामाणिकपणे बाळगलेली आहे का, एवढेच पाहायचे. त्यानंतर न्यायालय कायद्याकडे वळले. राष्ट्रगीत गायलाच हवे, असे कोणताही कायदा सांगत नव्हता. १९७१चा राष्ट्रीय सन्मान कायदा गाण्यात अडथळा आणणाऱ्याला शिक्षा करतो, गप्प उभे राहणाऱ्याला नाही. उरली शिक्षण खात्याची परिपत्रके. पण मूलभूत हक्कावर बंधन आणायला कायद्याचे बळ असलेला नियम लागतो, नुसते परिपत्रक पुरत नाही. भावंडांना शाळेत परत घेण्याचा आदेश निघाला.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. चंपारण सोडण्याचा सरकारी आदेश मोडल्याबद्दल १८ एप्रिल १९१७ला मोतिहारीच्या कोर्टात गांधीजींनीही सद्सद्विवेकबुद्धीचाच हवाला दिला होता, पण गुन्हा कबूल करून शिक्षा निमूटपणे सोसायची तयारी दाखवली होती. अनुच्छेद २५खाली येणारा माणूस सूट मागतो, आणि ती नाकारायची तर कारण राज्याने द्यायचे असते. व्यवहारात मात्र याचिकेत सगळा भर ‘अत्यावश्यक प्रथे’वर दिला जातो, धर्मग्रंथांतले उतारे जोडले जातात आणि ते अपुरे ठरले की विवेकबुद्धीचा मुद्दाही त्यांच्याबरोबर बुडतो. कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात उच्च न्यायालयाने मार्च २०२२मध्ये हिजाब ही अत्यावश्यक प्रथा नाही असे ठरवून याचिका फेटाळल्या. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. न्या. हेमंत गुप्तांनी निकाल कायम ठेवला, न्या. सुधांशू धुलियांनी अत्यावश्यकतेची चौकशीच गैरलागू ठरवून बिजो इमॅन्युएलचा आधार घेतला. प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेले.