ताटाचं इंग्रजी आणि भट्टीचं इंग्रजी

‘कुकिंग शो बघत जा, इंग्लिश सुधारेल’ हा सल्ला सोलापुरात हॉटेल मॅनेजमेंटला गेलेल्या पोरापोरींना कुणी ना कुणी देतंच. सल्ला वाईट नाही. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी वस्ती मोठी, पण तिथे वाढलेली मराठी मुलं तेलुगू शिकायला क्लास लावत नाहीत. गल्लीत कानावर पडतं, हळूहळू तोंडात बसतं. किचनचं इंग्रजी तर त्याहून सोपं, कारण शब्द मोजकेच, तेच तेच पुन्हा येतात आणि ज्याबद्दल बोलणं चाललंय ते पडद्यावर समोर शिजत असतं. घोळ होतो कार्यक्रम निवडताना. ‘मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया’ काय नि ‘द बेअर’ काय, दोन्हीकडे गॅस पेटलेला, दोन्हीकडे ॲप्रन घातलेली माणसं पळतायत, म्हणून दोन्हीकडचं इंग्रजी एकच असं आपण धरून चालतो. पहिल्यात माणसं पदार्थाबद्दल बोलतात, दुसऱ्यात एकमेकांना कामं सांगतात. यातलं एक पाठ करून दुसऱ्या ठिकाणी वापरलं की फजिती ठरलेली.

‘मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया’ २००९ साली सुरू झाला. स्पर्धक घरी स्वयंपाक करणारे हौशी लोक. आपण काय करतोय, का करतोय, कुठे फसतंय हे त्यांना सारखं सांगावं लागतं, त्यामुळे कर्ता-क्रियापदासकट पूर्ण वाक्यं कानावर येतात. मग परीक्षक चव घेतात आणि विशेषणं सुरू होतात. ज्यांना पाहुण्यांसमोर उभं राहायचंय त्यांच्यासाठी खरा माल इथे आहे.

आपलीच शेंगाचटणी घ्या. पाहुण्याने ‘हे काय?’ विचारलं तर बहुतेक पोरं ‘पीनट चटणी सर, व्हेरी टेस्टी’ म्हणून मोकळी होतात. टेस्टी म्हणजे नक्की काय? ती ‘नटी’ आहे, ‘गार्लिकी’ आहे, कुटलेली असल्यामुळे पेस्टसारखी ‘स्मूद’ नाही. तेल सुटेपर्यंत कुटलीय हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात, पण त्याला ‘ऑइली’ म्हणालात तर इंग्रजीत ती तक्रार झाली. परीक्षक अशा वेळी ‘रिच’ म्हणतात. कडक भाकरीचं तर विचारूच नका. कडक म्हणजे ‘हार्ड’ असं सरळ सांगितलं की पाहुण्याच्या डोळ्यांसमोर शिळा पाव येतो. पातळ, कटकन मोडणारी वस्तू ‘क्रिस्प’. दाताखाली बराच वेळ कुडुमकुडुम वाजत राहतात ते भाजलेले शेंगदाणे ‘क्रंची’. परीक्षक एका घासाला कोणता शब्द लावतात आणि दुसऱ्या घासाला तो का लावत नाहीत, एवढंच पाहिलं तरी पुष्कळ होतं. ‘स्पायसी’चंही तेच. त्यात मसालेदारही आलं आणि तिखटही आलं, म्हणून झणझणीत सांगायचं असेल तर ‘क्वाइट हॉट, मॅडम, विथ अ लॉट ऑफ चिली’ म्हणावं. नुसतं ‘हॉट’ म्हटलं तर त्या फुंकर घालत बसतील.

आता दुसरं. ‘द बेअर’ ही २०२२ साली आलेली मालिका. शिकागोतलं एक बीफ सँडविचचं दुकान, आणि भाऊ गेल्यावर ते चालवायला परत आलेला मोठ्या रेस्टॉरंटमधला शेफ. गोष्ट काल्पनिक आहे, पण भाषा पोकळ नाही. मॅटी मॅथेसन हा खराखुरा कॅनेडियन शेफ त्यात काम करतो आणि निर्मितीतही आहे. पहिल्या सीझनचा सातवा भाग तर शब्दांसाठी पुन्हा पुन्हा बघावा. ऑनलाइन ऑर्डर घेण्याची सोय चुकून उघडी राहते आणि प्रिंटरमधून ऑर्डरींची चिठ्ठी निघतच राहते, थांबतच नाही. त्या गोंधळात एकही वाक्य लांब नाही.

उकळतं पातेलं घेऊन कुणी मागून आलं की ‘बिहाइंड!’ वळणावर ‘कॉर्नर!’ आपल्याकडच्या भटारखान्यात ‘साइड, साइड, गरम!’ चालतं ना, तेच. ऐकलं, कळलं, करतो, या तिन्हींसाठी एकच शब्द, ‘हर्ड’. ताटं तयार आहेत, उचलायला माणूस पाठवा, तर ‘हँड्स!’ ‘फायर टेबल सिक्स’ ऐकून आग विझवायला धावू नका. सहा नंबरचं आता शिजवायला घ्या, एवढाच अर्थ. नव्या पोरांना सगळ्यात जास्त चकवतं ते ‘ऑल डे’. चार नंबर टेबलाला दोन सुकं मटण, सात नंबरला एक, तर आत हाक जाते ‘थ्री मटन ऑल डे’, म्हणजे हातातल्या सगळ्या ऑर्डरी मिळून तीन. दिवसभराशी त्याचा काडीचा संबंध नाही. पदार्थ संपला की अमेरिकन किचनमध्ये तो ‘एटी-सिक्स’ झाला. ऑर्डरींखाली गाडला गेलेला माणूस ‘इन द वीड्स’. एखादं ताट विसरलं आणि ताबडतोब हवंय तर ते ‘ऑन द फ्लाय’.

या बोलण्यात कर्ता नाही, ‘प्लीज’ नाही, बऱ्याचदा क्रियापदही नाही, तरी त्याला उद्धटपणा म्हणत नाहीत. उकळतं तेल हातात असताना ‘एक्सक्यूज मी’ म्हणायला कुणाला सवड आहे? पण तोच माणूस त्याच सुरात बाहेर येऊन पाहुण्याला ‘चिकन एटी-सिक्स’ म्हणाला तर मॅनेजर त्याला त्या दिवशी बाहेर दिसू देणार नाही. उलट बाजूही बघा. शेफ विचारतो, ‘हाउ लाँग?’ त्याला हवंय ‘टू मिनिट्स, शेफ’. मास्टरशेफवर पोसलेला आमचा भिडू सुरू करतो, ‘ॲक्चुअली शेफ, आय ॲम जस्ट ट्राइंग टू गेट अ नाइस गोल्डन…’ तोवर मासा करपलेला असतो.

फसवा कार्यक्रम म्हणजे ‘हेल्स किचन’. अमेरिकेत २००५ पासून चालू आहे, दोन संघ, दर वेळी कुणीतरी बाहेर, म्हणजे रूप स्पर्धेचं. पण ब्रिटिश शेफ गॉर्डन रॅमसे पासवर, म्हणजे तयार ताटं बाहेर जातात त्या ओट्यापाशी, उभा राहून ऑर्डर वाचतो, पोरं एका सुरात ‘यस शेफ’ ओरडतात, किती वेळ लागेल, किती कव्हर आहेत, हे सगळं अस्सल भट्टीचं इंग्रजी. (कव्हर म्हणजे जेवायला बसलेलं माणूस, झाकण नव्हे.) मला शिकण्यासाठी तो ‘द बेअर’पेक्षा सोपा वाटतो, कारण तेच आठ-दहा शब्द प्रत्येक भागात येतात. शिव्यांवर बीप असतो, तो तसाच असू द्या. शिव्या शिकायला सोलापूरकराला परदेशी मालिका कशाला हवी?

आणखी एक भानगड देशादेशांची. ढोबळी मिरची ऑस्ट्रेलियात आपल्यासारखीच ‘कॅप्सिकम’, अमेरिकेत ‘बेल पेपर’. कोथिंबीर ऑस्ट्रेलियात ‘कोरिअँडर’, अमेरिकेत ‘सिलँट्रो’. हे चालून जातं. पण ‘ऑन्ट्रे’ ऑस्ट्रेलियात जेवणाच्या सुरुवातीचा पदार्थ आणि अमेरिकेत मुख्य जेवण, त्यामुळे पुढे क्रूझवर किंवा दुबईत गेलात तर समोरचा पाहुणा कुठला आहे ते आधी बघा. ऑर्डरच्या चिठ्ठीला अमेरिकन ‘टिकेट’ म्हणतात, ऑस्ट्रेलियन ‘डॉकेट’, आणि आपल्या हॉटेलांत ती ‘केओटी’, म्हणजे किचन ऑर्डर टिकेट. पदांची नावं मात्र सगळीकडे फ्रेंच वळणाची, कॉमी (शिकाऊ मदतनीस), सू शेफ (मुख्य शेफच्या खालोखाल), शेफ द पार्टी (एका विभागाचा प्रमुख) म्हणजे आपला सीडीपी. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात नाव कमावलेल्या ऑगस्त एस्कोफिएने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किचनमधली कामं वाटून दिली, ती उतरंड आजही चालते.

तर सर्व्हिसला जाणाऱ्यांनी मास्टरशेफचा फक्त चव घेण्याचा भाग बघावा, इंग्रजी सबटायटल लावून, आणि आपल्या घरच्या एका पदार्थाबद्दल तसंच मोठ्याने बोलून बघावं. किचनला जाणाऱ्यांनी रॅमसेची डिनर सर्व्हिस लावावी आणि प्रत्येक हाकेला पडद्याआधी आपण उत्तर द्यावं. मुलाखतीला मात्र दोघांनी टीव्हीचे नखरे नेऊ नयेत. ‘द कुक ऑन द फिश’ (मासा कसा शिजलाय) किंवा ‘आय वाँट टू हीरो द ब्रिंजल’ (ताटात मुख्य मान वांग्याला द्यायचाय) ऑस्ट्रेलियन स्पर्धकाला शोभतं. पुण्या-मुंबईच्या शेफला तेवढ्यावरून कळतं की पोरगं कुठून शिकून आलंय. त्यापेक्षा ‘हॉटेल’ शब्द जपून वापरा. सोलापुरात भजी-चहा मिळतो तेही हॉटेल. ‘आय वर्क्ड इन माय अंकल्स हॉटेल’ म्हणालात की पुढचा प्रश्न येतो, खोल्या किती? काकांची खानावळ असेल तर ‘स्मॉल रेस्टॉरंट’ म्हणा, आणि तिथे नक्की काय करत होता ते सांगायला लागा.